आखाजीच्या करीला मैत्रिणींची पंगत : अमळनेरच्या खापरवाल्या मावशींकडचं जेवण

सरळच सांगते, खापरावरची पुरणपोळी, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजलेला मांडा, तुम्ही आजवर पार्सलच्या डब्यातून नाहीतर लग्नाच्या बुफेत खाल्ली असेल तर ती अजून तुम्ही खाल्लीच नाहीये असं समजा. आणि खायचीच असेल तर जळगाव जिल्ह्यात अमळनेरला ह्या मावशींकडे जा, चुलीच्या समोर बसा आणि खापरावरून उतरली की तिथल्या तिथे खा. आम्ही नऊ मैत्रिणी आणि एकीची आई अशा दहा जणी जेवून आलो आणि मला अगदी मनापासून लिहावंसं वाटलं कारण सणाचं जेवण देणाऱ्या जागा खूप झाल्यात पण सणाला बायकांना बसवून वाढणारी जागा मी तरी पहिल्यांदा बघितली.

चोपडा रोडला गावाची वस्ती संपली की डाव्या हाताला शेतात एक मोठं पत्र्याचं शेड दिसतं, तेच. बोर्ड नाही काही नाही, खापरवाल्या मावशी म्हणून विचारायचं, रिक्षावाले बरोबर आणून सोडतात. एरवी फक्त ऑर्डर असेल त्या दिवशीच चूल पेटते. फेब्रुवारी २०२४ मधे अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं ना तेव्हा बाहेरगावचे पाहुणे मांडे कुठे मिळतील विचारत फिरत होते आणि आम्हाला गावातल्यांनाच धड सांगता येत नव्हतं, कारण मांडे ही घरात करायची गोष्ट, विकत घ्यायची म्हणून कोणी बघितलेलीच नव्हती.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आखाजीबद्दल, म्हणजे आमच्या अक्षय्य तृतीयेबद्दल थोडंसं. बाकी महाराष्ट्रात अक्षय्य तृतीयेला लोक गुंजभर सोनं घेतात, आमरस पुरी करतात आणि झालं. खान्देशात हा दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, चैत्रात बसवलेली गौराई ह्या दिवशी बोळवतात, निंबाला झोके बांधतात, अहिराणी गाणी रात्री उशिरापर्यंत चालतात, पुरुष मंडळी पारावर पत्ते मांडून बसतात, शेतावरच्या सालदाराचं म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं वर्ष ह्याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं. सकाळी पितरांची घागर भरायची, तिच्यावर छोटा करा म्हणजे मातीचं लोटकं, त्याच्यावर डांगर म्हणजे खरबूज नाहीतर आंबा ठेवायचा, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा आणि निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून आगारी द्यायची, ती दिल्याशिवाय घरात कोणी तोंडात घास घालत नाही. आणि आमच्या अमळनेरला तर आखाजी झाली की आठवड्याभरात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते त्यामुळे बऱ्याच लेकी यात्रा करूनच सासरी जातात.

हे सगळं ज्या घरात होतं तिथली बाई त्या दिवशी कुठे असते तर चुलीपाशी. पहाटेपासून डाळ शिजवा, पुरण वाटा, पीठ तिंबा, मग आगारी होईस्तोवर एक वाजतो, मग आधी पितर म्हणून बोलावलेले जेवणार, मग घरातले पुरुष, मग पोरं, मग जावई, मग आलेले गेलेले. जिच्या मनगटाला चटके बसले ती सगळ्यात शेवटी, तीन साडेतीनला, आणि तिच्या ताटात काय तर सकाळी फाटली म्हणून बाजूला ठेवलेली पोळी, कडा वाळून पापडासारख्या झालेली. मी लहानपणापासून माझ्या आईला अशीच पोळी खाताना बघितलंय आणि लग्नानंतर मी पण तशीच खाल्लीये, आणि आमच्या नऊच्या नऊ जणींचं हेच आहे. माहेरी आलेल्या लेकीला पण दोन तास कौतुक, नंतर वहिनीला हात लावायला उठावंच लागतं, नाही उठलं तर आपल्यालाच बरं वाटत नाही.

म्हणून २०२५ ला आम्ही ठरवलं की सणाच्या दिवशी घरचं सगळं व्यवस्थित करायचं आणि दुसऱ्या दिवशी, करीला, आपण सगळ्यांनी बाहेर भेटून जेवायचं. त्या वर्षीची आखाजी ३० एप्रिलला बुधवारी आली आणि लगेच १ मे, महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळे नोकरीवाल्यांना पण रजेचा प्रश्न आला नाही. सुरतची मैत्रीण तर लेकाला घेऊन ट्रेननेच येते, सुरत भुसावळ लाइनवर अमळनेर स्टेशन आहे म्हणून बरं, आखाजीला त्या गाड्यांमधे पाय ठेवायला जागा नसते, सुरतमधल्या उधना लिंबायत भागातली अर्धी खान्देशी माणसं गावाकडे निघालेली असतात. करीला आमच्याकडे पुष्कळ घरांमधे मटण असतं तर दोघी तिघी म्हणल्या की परत पुरणपोळीच का, काल झालीच ना. त्यावर आमच्यातली नाशिकवाली म्हणाली की काल मी पंचवीस पोळ्या केल्या आणि एक पण गरम खाल्ली नाही. त्याच्यापुढे कोणीच काही बोललं नाही, बुकिंग करून टाकलं.

बुकिंगचं असं आहे की फोनवरच होतं, मावशींचा मुलगा घेतो, कमीत कमी सहा माणसं लागतात आणि सणाच्या आठवड्यात निम्मे पैसे आधी पाठवावे लागतात. आम्ही गेलो तेव्हा, २०२५ मधे, थाळी ३५० रुपये होती, त्यात मांडा हवा तेवढा, रस दोन वाट्या, तिसऱ्या वाटीपासून ४० रुपये जास्तीचे. मला हा भाव अजिबात जास्त वाटला नाही, आणि का नाही वाटला ते पुढे वाचलं की कळेल.

आम्ही साडेअकराला पोचलो. शेडच्या एका अंगाला जमिनीत बांधलेल्या तीन चुली, त्यावर पालथी घातलेली तीन मोठी खापरं, आणि त्यांच्या समोर हातभर अंतर सोडून सतरंज्या आणि पाट. म्हणजे जेवणारा आणि चूल ह्यांच्यामधे भिंत नाही, वाढपी नाही, काही नाही. सरपण म्हणून पऱ्हाट्या आणि तुराट्या, कपाशी आणि तुरीच्या शेतातलंच उरलेलं. मी विचारलं की गॅसवर का नाही करत तर मावशी म्हणाल्या की खापराला खालून सगळीकडे सारखी झळ लागते, गॅसची आच मधेच लागते आणि खापर तडकतं. पऱ्हाटी भसकन पेटते आणि लवकर विझते त्यामुळे आच कमी जास्त करणं हातात राहतं, एक काडी सारली की वाढली, ओढली की उतरली. ते करायला एक मुलगी नुसती चुलींकडेच बसलेली होती, तिचं दुसरं कामच नाही.

पिठाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण मांडा बिघडतो तो पिठातच. गहू आदल्या दिवशी पाण्याचा हात लावून, कपड्यात बांधून ओलसर ठेवायचे आणि मग दळायचे, म्हणजे कोंडा मोठा मोठा सुटा निघतो आणि आतलं पांढरं पीठ वेगळं होतं. ते परत पातळ कपड्यातून गाळायचं. त्यात मीठ घालून सैलसर भिजवायचं आणि मग तेल पाण्याचा हात लावत लावत आपटून आपटून तिंबायचं, आपल्याला वाटतं झालं तरी अजून तिंबायचं, कारण गव्हाला जो चिकटपणा असतो, ज्याला ग्लुटेन म्हणतात, तो पाण्यात मुरून आणि मळून मळूनच लांबतो. असं पीठ दोन तास झाकून ठेवलं की हातात घेतल्यावर रबरासारखं ताणलं जातं आणि तुटत नाही. घाई करून लगेच करायला घेतलं की हातावरच भोक पडतं. पुरणाचं पण तेच, हरभऱ्याच्या डाळीचा एक कण जरी आखा राहिला तरी तिथून पोळी फाटणार. मावशींकडे पुरण साखरेचं होतं, थोडा गूळ घातलेला, वेलदोडा आणि जायफळ, आणि डाळ शिजवून कट काढून मग दोनदा यंत्रातून काढलेलं.

करताना दोघी लागतात. एक जण दोन छोट्या पुऱ्या लाटून मधे पुरणाचा गोळा ठेवून कडा दाबून बंद करते आणि थोडंसं लाटून देते. दुसरी म्हणजे मावशी स्वतः ती हातावर घेतात, ह्या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत फिरवत फिरवत ती मोठी होत जाते, आणि बघता बघता एवढी होते की पलीकडचा माणूस दिसायला लागतो. मग एका झटक्यात खापरावर. खापराच्या गोल पाठीवर ती बरोबर बसते, एक सुरकुती नाही. मिनिटभरात वरती फोड येतात, मग हातानेच पलटायची, उलथनं नाही काही नाही. तेल तूप खापरावर लावतच नाहीत. उतरवली की गरम असतानाच चौघडी करायची कारण दोन मिनिटं उघडी राहिली की कडक होते आणि घडी घालताना मोडते. हे सगळं मी माहेरी हजारदा बघितलंय पण बघायला वेळ असा कधी मिळालाच नव्हता, नेहमी मी गोळे करून देणारीच असायची. त्या दिवशी नुसतं बसून बघितलं.

ताट सांगते. आधी मीठ, लिंबू, कैरीचं ताजं लोणचं, कुरडई, ज्वारीचे बिबडे म्हणजे पापड, गिलक्याची म्हणजे घोसाळ्याची आणि कांद्याची भजी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, रशीची म्हणजे कटाच्या आमटीची वाटी, आमरसाची वाटी, दुधाची वाटी, तुपाची छोटी वाटी, आणि मधली जागा रिकामी. पोळी आल्याशिवाय कोणी काही सुरू केलं नाही. पहिला मांडा ताटात पडला तेव्हा त्याच्यातून वाफ येत होती, त्याच्यावर मावशींच्या सुनेने तूप सोडलं आणि ते घडीच्या आत आत गेलं. मी एक घास नुसताच खाल्ला, एक दुधात, एक रसात. वरचा पापुद्रा इतका पातळ की जिभेवर राहतच नाही आणि पुरण गरम असल्यामुळे त्याची गोडी वेगळीच लागते, थंड पोळीत पुरण घट्ट होतं आणि नुसतं गोड लागतं. मला खरंच कळत नव्हतं की इतकी वर्षं आपण दुसऱ्यांना हे वाढलं आणि आपल्याला ह्याची चव नीट माहीतच नव्हती.

रशीबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. पुरणाच्या कटातच करतात, कांदा आणि खोबरं निखाऱ्यावर काळं होईस्तोवर भाजून पाट्यावर वाटलेलं, खान्देशी काळा मसाला, आणि वरती तर्री. पातळ पाहिजे, भुरका मारता आला पाहिजे, आणि तिखट इतकी पाहिजे की गोडाचा कंटाळा येऊ नये. मावशींची रशी ह्या तिन्हीत पास. आमच्यातली पुण्याची पहिल्या भुरक्याला ठसकली पण नंतर तिनेच तीनदा मागून घेतली आणि कुरडई त्यात चुरून खाल्ली. कुरडई घरचीच होती, त्याच उन्हाळ्यात केलेली, गव्हाचा चीक भिजवून शिजवून घातलेली, विकतची जी तळल्यावर फुगते पण पोकळ लागते तशी नाही. बिबडे ज्वारीचे, तिळाचे, मस्त खुसखुशीत. गंगाफळाची भाजी मला थोडी गोडच वाटली, ताटात आधीच एवढं गोड असताना ती जरा तिखट करायला हरकत नव्हती.

रस ठीक होता, फार उत्तम नाही म्हणणार. एप्रिलच्या शेवटाला आपला गावठी आंबा आलेलाच नसतो, तो मे संपता संपता, जूनमधे. त्यामुळे बाहेरून आलेल्या केशर आणि बदाम ह्या जातीच्या आंब्यांचा मिक्स रस होता आणि त्यात साखर टाकलेली कळत होती. मी म्हणलं साखरेशिवाय देता का तर त्यांनी लगेच दुसरं भांडं आणलं, त्यात साखर नव्हती, आंबट गोड, आणि वरून तूप आणि चिमूटभर सुंठ घातली. तो खूप चांगला लागला. म्हणजे मागितलं की देतात पण मागावं लागतं, तुम्ही गेलात तर आधीच सांगा.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली ती. आपल्याला सवयच असते की दोन घास खाल्ले की आजूबाजूला बघायचं, कोणाला काय हवंय, आणि उठायचं. आमची गावातली मैत्रीण दुसरा मांडा वाढताना बघून हात धुवायलाच निघाली की मी पण लागते मदतीला. मावशींनी खापरावरून नजर न काढता सांगितलं, "बसा वं माय, कोन्हीच उठू नका. गरम शे तवलोंग खाई ल्या." म्हणजे गरम आहे तोवर खाऊन घ्या. आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं, एकीचं ताट रिकामं झालं की तिलाच पुढची पोळी, रांगेने नाही. कोणी हळू खाते, कोणी पटपट, ज्याच्या त्याच्या वेगाने. एक पण पोळी करून वर रचून ठेवलेली नाही. दोन तास त्यांचे हात चालू होते आणि एकदाही त्यांनी "आता बास का" असं विचारलं नाही, उलट "पोट भरनं का? आखो एक ल्या", म्हणजे अजून एक घ्या, हेच.

एकीने बरोबर आईला आणलं होतं, पंचाहत्तरीच्या आहेत, गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही म्हणून त्यांच्यासाठी खुर्ची आणि छोटं टेबल लावून दिलं, न सांगता. ह्या काकू म्हणजे त्यांच्या गल्लीत मांड्यांसाठी नावाजलेल्या, कोणाच्याही घरी लग्न असलं की खापरावर ह्यांनाच बोलावणं. गेली काही वर्षं घरात खापर वरच्या फळीवर ठेवलंय, सुनेला तव्यावरच्या पोळ्या येतात, त्या पण चांगल्याच असतात, पण खापर उतरलंच नाही. काकूंनी आल्या आल्या आधी पिठाच्या परातीत बोट घालून बघितलं, ताणून बघितलं, आणि मावशींना विचारलं मीठ किती घातलं. मग दोघींचं जे सुरू झालं ना, कोणत्या गावचा कुंभार खापर चांगलं करतो, नवीन खापर आधी कसं तापवून घ्यायचं, पीठ जास्त सैल झालं तर काय करायचं. आम्ही ऐकत बसलो, माझ्या शेजारची तर मोबाइलवर लिहून घेत होती. काकूंनी दीड मांडा खाल्ला. एरवी घरी अर्धी पोळी खाऊन बास म्हणतात असं तिची लेक सांगत होती आणि सांगता सांगता तिचे डोळे भरले. मलाही भरून आलं, कारण आमच्या आयांपैकी सगळ्या आता राहिल्या नाहीत आणि ज्या आहेत त्यांना असं कोणी समोर बसवून गरम वाढलेलं मी तरी बघितलं नव्हतं.

म्हणूनच म्हणते की ३५० रुपये जास्त नव्हते. तीन खापरांवर दोघी दोघी म्हणजे सहा बायका, चुलीवर एक, भजी कुरडया तळायला एक, वाढायला सून आणि अजून एक. सगळ्या आसपासच्या गावातल्या आहेत आणि सणाच्या दिवसात त्यांना रोज बरोबर जेवण आणि रोजंदारी मिळते, आमचं झाल्यावर त्या सगळ्या एकत्र जेवायला बसल्या आणि तेव्हा मावशींनी परत चूल पेटवून त्यांच्यासाठी ताज्या पोळ्या केल्या. हे आम्ही निघता निघता बघितलं, कोणी दाखवायला केलेलं नव्हतं. मी ह्या एका गोष्टीसाठी ह्या जागेला पूर्ण मार्क देईन.

आता जे आवडलं नाही ते पण लिहिते, नाहीतर लोक म्हणतील नुसतं कौतुक. एक म्हणजे गरमी. खान्देशात मे म्हणजे पारा ४० च्या वर धरूनच चालायचं, त्यात वर पत्रे आणि समोर तीन चुली. दोन मोठे कूलर आहेत पण ते चुलीच्या बाजूला लावता येत नाहीत, आच हलते, त्यामुळे चुलीजवळ बसणाऱ्याला वारा लागतच नाही. पत्र्यावर निदान उसाचं पाचट किंवा हिरवी नेट टाकली तरी पुष्कळ फरक पडेल, मी त्यांच्या मुलाला हे बोलले आहे. लहान मुलं असतील तर त्यांना मागच्या बाजूला निंबाखाली खाटा टाकल्यात तिथे बसवा, झोका पण बांधलेला आहे, आमच्यातल्या चौघी जेवण झाल्यावर त्याच्यावर बसल्याच. दुसरं म्हणजे भात. भात इतका उशिरा आला की तोपर्यंत कोणाला खायची इच्छाच राहिली नव्हती, आणि रशी भात हे तर आमचं आवडतं. वाढणाऱ्या दोघीच आहेत, दहा जणींना कमी पडतात. तिसरं, बाथरूम एकच आहे, स्वच्छ होतं पण शेडपासून लांब, वयस्कर माणसांना उन्हातून चालत जावं लागतं. आणि तिथे नेटवर्क येत जात असतं, फोनवरून पैसे पाठवायला आम्हाला रस्त्यापर्यंत यावं लागलं, रोख घेऊन जा.

धुराचा त्रास होणाऱ्यांनी पण विचार करून जावं. शेड तिन्ही बाजूंनी उघडं आहे, धूर बसत नाही, तरी वाऱ्याची दिशा बदलली की डोळे चुरचुरतात.

पार्सल देतात, पण माझं ऐका आणि घेऊ नका. मैत्रिणीने नवऱ्यासाठी चार मांडे बांधून घेतले, घरी जाईपर्यंत घड्या चिकटल्या आणि कडा वाळल्या, पुरणाची चव होती पण तो मांडा नव्हता. त्यापेक्षा नवऱ्यालाच घेऊन जा. आणि हो, गेल्यावर पहिल्याच पोळीला पूर्ण मांडा घेऊ नका, अर्धा मागा, त्या देतात अर्धा करून. एक मांडा आपल्या तव्यावरच्या तीन पोळ्यांएवढा असतो, पहिलाच पूर्ण संपवला की पुढे रशी आणि कुरडईला पोटात जागा राहत नाही. भजी कमी खा. तुपाला नाही म्हणू नका, पोळी कोरडी खाल्ली तर घशाखाली नीट उतरत नाही आणि त्यांचं तूप घरच्या म्हशीचं आहे, रवाळ.

जेवण झाल्यावर कोणी उठवत नाही हे पण सांगायला पाहिजे. आम्ही साडेबाराला बसलो ते चार वाजेपर्यंत तिथेच. पाट बाजूला सरकवून सतरंजीवर आडव्या झालो, गौराईची गाणी निघाली, अर्धे शब्द एकीला आठवायचे, अर्धे दुसरीला, आणि जिथे दोघींना आठवत नव्हतं तिथे चुलीवरच्या बायकांनी पूर्ण केलं. सुरतच्या मैत्रिणीचा सातवीतला मुलगा अहिराणी समजतो पण बोलत नाही, तो पण एका कडव्याला हळूच गुणगुणायला लागला तर सगळ्या त्याच्याकडे बघायला लागल्या आणि तो लाजून पळाला. नंतर पन्हं मिळालं, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

हिवाळ्यात ह्याच मावशी भरीत पार्टी पण करतात, भरताची हिरवी मोठी वांगी पऱ्हाट्यांवर भाजून, लाकडी बडजीत ठेचून, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांद्याची पात. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मधे जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ती वांगी त्या थेट शेतातून आणतात असं त्यांचा मुलगा सांगत होता. ते मी अजून खाल्लेलं नाही त्यामुळे त्याबद्दल लिहिणार नाही, डिसेंबरात जायचं ठरलंय.

आखाजीसाठी जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, आखाजीची तारीख दरवर्षी बदलते, २०२५ ला ३० एप्रिल तर २०२६ ला १९ एप्रिल, म्हणजे अकरा दिवस आधी. अशी लवकर आली की आंबा अजून कमी असतो आणि रस महाग, तेव्हा रसापेक्षा दुधाबरोबर खायची तयारी ठेवा, मांडा दुधात सुद्धा तेवढाच चांगला लागतो. बुकिंग होळी झाली की लगेच करा कारण सणाच्या दिवशी आणि करीला मिळून त्या मोजक्याच पंगती घेतात आणि जास्तीच्या माणसांसाठी पोळ्या आधी करून ठेवायला सरळ नाही म्हणतात. आमच्या पंगतीनंतर एक गाडी भरून लोक न सांगता आले होते, त्यांना पन्हं पाजून परत पाठवलं. आमचं पुढच्या करीचं बुकिंग आम्ही निघतानाच करून आलोय, त्या वेळी प्रत्येकीने आपापल्या आईला नाहीतर सासूला आणायचं आहे, त्यामुळे खुर्च्या जास्त लागतील असं मुलाला सांगून ठेवलंय.